चमच्यालाही चव असते!

काही माणसांना सूर ऐकला की रंग दिसतो, शब्द उच्चारला की चव लागते. हे वेड नव्हे. इंद्रियांची ही सरमिसळ त्यांच्यात बहुधा लहानपणापासूनच असते. जिनह्युन जिऑन या कोरियन कलावतीने २०१२ साली हॉलंडात याच कल्पनेवरून चमचे घडविले. कुणाला आत उंचवटे, कुणाला भडक रंग. कुणी चिनी मातीचा, कुणी धातूचा. (ते घासताना आपली भांडेवाली काय म्हणेल, ते निराळे!)

पण हा नुसता श्रीमंती चाळा समजू नका. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्ट्रॉबेरीचा तोच गोड पदार्थ काळ्या बशीपेक्षा पांढऱ्या बशीत अधिक गोड लागला! डॉक्टरांनी आजोबांची साखर तोडली असेल, तर कमी साखरेची खीर यंदा पांढऱ्या वाटीतून वाढून पाहा.