तिसरा हिस्सा कुठे गेला?

मुंबईच्या मध्यभागी, परळपासून वरळी-शिवडीपर्यंत, एकेकाळी ५८ कापड गिरण्यांचे भोंगे वाजत होते. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरची चूल त्या भोंग्यांवर पेटत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि पुढच्या काळात एकेक भोंगा कायमचा थांबला. मागे राहिली ती सुमारे ६०० एकर जमीन. तिचे काय झाले, ते आपल्या घरातील तरुण मुलामुलींना ठाऊक असलेच पाहिजे. शहराचा मध्यभाग नव्याने बांधायला काढला की गरिबाचे घर कागदावरच कसे हरवते, ते या जमिनीने दाखवले आहे.

आपल्या समाजाचे या गिरण्यांशी असलेले नाते जुने आहे आणि कडूही आहे. विणकाम खात्यात पगार जास्त. पण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे म्हणून त्या खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. परळच्या बीआयटी चाळीत ते स्वतः १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. ज्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टने या चाळी बांधल्या तो १९३३ साली महापालिकेत विलीन झाला, आणि चाळी महापालिकेच्या झाल्या. म्हणजे गिरणगावातील जमीन आणि घर हा प्रश्न मालक व बिल्डर यांच्यापुरता नाही. तो आपल्या वडिलोपार्जित वस्तीचा प्रश्न आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे करायचे: एक महापालिकेला मैदाने, बागा व सार्वजनिक सोयींसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. पाच ते दहा हेक्टरच्या गिरणीसाठी हे प्रमाण ३३, ३४ आणि ३३ टक्के असे होते. १९९६ साली शासनाने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. एकेका गिरणीचा तुकड्यातुकड्याने विचार न करता सगळ्या परिसराची एकत्र आखणी करावी, अशी त्यांची दृष्टी होती. ती आखणी झाली नाही.

२००१ साली शासनाने नियम बदलला. मालक पुढे येत नाहीत, जमिनी अडकून पडल्या आहेत, कामगारांची देणी थकली आहेत, अशी कारणे देण्यात आली. कारणे खोटी नव्हती. पण बदल असा झाला की गिरणीच्या इमारती पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून वगळली गेली. आधीपासून मोकळी पडलेली जागा तेवढीच वाटायची, असे ठरले. एक उदाहरण घेऊन हिशेब करू. १५ एकरांची एक गिरणी आहे असे धरा. त्यातील १२ एकरांवर शेड आणि चिमणी, ३ एकर मोकळे. जुन्या नियमाने इमारती पाडल्यावर म्हाडाला सुमारे ५ एकर मिळाले असते. नव्या नियमाने मिळतो सुमारे १ एकर. उरलेल्या चार एकरांवर जी घरे उभी राहिली असती ती कोणी पाडली नाहीत, जाळली नाहीत. नियमातील शब्द बदलला आणि ती घरे जन्मालाच आली नाहीत.

ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रोखला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. २००५ सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती. जमिनीला असा भाव असताना कामगारांच्या वाट्याला काय आले? संघटनांच्या लढ्यामुळे म्हाडाच्या हिश्शातील निम्मी घरे त्यांच्यासाठी राखली गेली. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. प्रत्येकी २२५ चौरस फूट, किंमत साडेसात लाख. अर्ज होते सुमारे दीड लाख. उरलेल्यांना शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आली, तेव्हा ९ जुलै २०२५ रोजी गिरणी कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. त्यांची मागणी साधी होती: घर मुंबईत द्या. ज्याने परळमध्ये रात्रपाळी केली त्याच्या विधवेने कर्जतच्या गाडीत बसून म्हातारपण काढावे, हा न्याय नव्हे.

याच भागात दुसरे उदाहरणही आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ बीडीडी चाळी, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. येथे आपली वस्ती मोठी आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे देण्यात आला. २०१७ मध्ये भूमिपूजन झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकी हक्काच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्याच जागेवर. उशीर झाला, शंका-कुशंका झाल्या. पण येथे जमीन सरकारी होती, रहिवासी जागेवर टिकून होते आणि आश्वासनात जागा व क्षेत्रफळ दोन्ही आकड्यांत होते. फरक पडला तो इथे.

म्हणून वाचकहो, चार गोष्टी प्रत्येक घरात बोलल्या जाव्यात. विकास आराखड्यात वा नियमात बदल करताना महापालिकेला किंवा शासनाला सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. नियमबदलासाठी ही मुदत साधारण एक महिन्याची असते. ती सूचना मंडळात मोठ्याने वाचा, हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. चाळीचा पुनर्विकास असेल तर चटई क्षेत्र, जागा, मुदत आणि तोपर्यंतचे भाडे हे सारे नोंदणीकृत करारात येऊ द्या. पुढाऱ्याच्या शब्दावर सही करू नका. करारावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावा. आणि उंच इमारतीत लिफ्ट, पंप, साफसफाईचा मासिक खर्च किती येईल, हे आधीच विचारा; तो न झेपल्याने घर विकावे लागले तर मिळालेले घर मिळाले असे म्हणता येणार नाही.

मुंबईच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, आणि तीन वर्षांहून अधिक काळ सभागृहाविना प्रशासकाने कारभार पाहिला. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला एवढेच विचारायचे: या प्रभागात नवी इमारत उठते तेव्हा त्यात पगारदार, कामगार, सफाई कर्मचारी यांना परवडेल अशी घरे किती, आणि ती कोणत्या नियमाने? उत्तर आकड्यात मागा. आश्वासनाची भाषा गोड असते. तिसरा हिस्सा गेला तो आकडा कोणी न विचारल्यामुळे.