थेंबाने अंथरलेल्या पायघड्या

अळवाच्या पानावर पाणी मोती होऊन बसतं, तसं वितळलेलं तांबं कार्बनवर बसतं. थेंबाच्या कडेशी मोजलेला कोन १३० अंशांच्याही पुढे भरतो, म्हणजे कार्बनला चिकटायची त्याची मुळीच तयारी नसते. त्याच तांब्यात सिलिकॉन मिसळलं तर मात्र वेगळंच घडतं. थेंब सुरुवातीला तसाच फुगीर बसतो. मग त्याची कड हलकेच पुढे सरकू लागते, फुगवटा उतरतो आणि थोड्या वेळाने तो कार्बनवर पसरलेला दिसतो.

त्याला पुढे ढकलतं कोण?

सिलिकॉन आणि कार्बन भेटले की सिलिकॉन कार्बाइड तयार होतं आणि ऊर्जा मोकळी होते. ही ऊर्जाच थेंबाला पसरवत असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं. १९७४मध्ये बर्कलीच्या जोसेफ पास्क आणि सहकाऱ्यांनी अभिक्रियेच्या ऊर्जेवर आधारलेली मांडणी केली आणि ती बराच काळ टिकली. अभिक्रिया जितकी जोरकस तितका थेंब जास्त पसरायचा, असा तिचा सरळ अर्थ.

ग्रनोबलमध्ये निकोलास युस्टाथोपुलोस आणि त्यांचे सहकारी निर्वात भट्टीतल्या थेंबांची कड क्षणाक्षणाला टिपत होते. त्यांना खुपत होता तो शेवटचा कोन. कार्बनवर पसरून थांबलेल्या मिश्रधातूचा कोन मोजला, मग तोच मिश्रधातू तयार सिलिकॉन कार्बाइडवर ठेवून मोजला, तर दोन्ही कोन जुळत होते! कार्बाइडवर नवी अभिक्रिया जवळजवळ होतच नाही, तरीही थेंब तितकाच पसरतो. मग ऊर्जेचा हात कुठे राहिला? थेंब कार्बनला कधीच ओला करत नव्हता. तो कडेशी कार्बाइडचा पातळ थर घालत होता आणि त्या थरावरून पुढे जात होता. स्वतःच पायघड्या अंथरायच्या आणि स्वतःच त्यांवरून चालायचं! मला या साऱ्या कथेत हीच जागा सर्वांत सुंदर वाटते.

पुढचा प्रश्न वेगाचा. शुद्ध सिलिकॉन १४१४ अंश सेल्सियसला वितळतं. तांब्याच्या सोबतीने ते ११५० अंशांनाही द्रवरूप राहतं, त्यामुळे ही चाल सावकाश पाहता आली. द्रवाचा दाटपणा कडेला अडवत नव्हता. कडेच्या अरुंद रेषेवर कार्बाइड किती लवकर तयार होतं, यावर वेग ठरत होता. तांब्यात सिलिकॉनऐवजी क्रोमियम घातलं की गणित बदलतं: तिथे क्रोमियमचे अणू थेंबातून कडेपर्यंत पोहोचण्याचीच वाट पाहावी लागते.

याचा खरा कस लागला तो सच्छिद्र कार्बनमध्ये. वितळलेलं सिलिकॉन पाण्यापेक्षाही पातळ असतं. केशनलिकेच्या जुन्या सूत्राने पाहिलं तर ते छिद्रांत झरझर चढायला हवं. प्रत्यक्षात ते कितीतरी पटींनी सावकाश चढतं, कारण छिद्राच्या भिंतीवरही आधी थर, मग पाऊल, हाच नियम. शिवाय कार्बनचं कार्बाइड होताना घनफळ दुपटीहून अधिक वाढतं. भिंती फुगतात, वाट अरुंद होत जाते.

पोर्शे ९११ जीटी२ या गाडीत २००१मध्ये आलेल्या सिरॅमिक ब्रेकच्या चकत्या याच जातीच्या आहेत: कार्बन तंतूंचा सच्छिद्र सांगाडा आणि त्यात शोषून घेतलेलं वितळलेलं सिलिकॉन. असा सांगाडा घडवणाऱ्याला छिद्रांच्या रुंदीचा हिशेब आधीच करावा लागतो. छिद्र फार बारीक राहिलं तर सिलिकॉन आतपर्यंत पोहोचण्याआधीच त्याच्या पायघड्यांनी वाट बुजते आणि चकतीच्या पोटात कोरडा कार्बन तसाच राहून जातो.