गांजाने वेड लागते काय?

गेल्या उन्हाळ्यात वाड्याचे माडीवरील दालन रिकामे करिताना आजोबांच्या ट्रंकेत एक पिवळा पडलेला कागद आमच्या हाती लागला. आजोबांचे सर्वांत धाकटे बंधू, ज्यांना घरात भाऊकाका म्हणत, त्यांना १९५८ साली वेड्यांच्या इस्पितळात दाखल केले तेव्हाचा तो कागद होता. त्यातील 'कारण' या रकान्यात एकच शब्द लिहिलेला होता: गांजा. भाऊकाकांची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. नदीकाठच्या मठात ते बैराग्यांच्या संगतीस लागले, चिलीम ओढू लागले, आणि ऐन तेविसाव्या वर्षी त्यांचे डोके फिरले, एवढीच ती गोष्ट. तिचा उपयोग मुख्यतः मुलांना धाक घालण्याकडे होत असे. परंतु तो एकशब्दी रकाना पाहिल्यावर आमच्या मनात आले की, हे लिहिणाराला कळले तरी कसे? त्या एका प्रश्नामुळे जे वाचन घडले, त्यातील काही भाग वाचकांपुढे ठेवीत आहो.

भांग, गांजा आणि चरस या तीन निरनिराळ्या वनस्पती आहेत, असा पुष्कळ सुशिक्षितांचाही समज असतो. वस्तुतः झाड एकच. त्याची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे राळेने चिकट झालेले फुलांचे तुरे म्हणजे गांजा, आणि ती राळच वेगळी काढली म्हणजे चरस. पान सर्वांत सौम्य व राळ सर्वांत उग्र. मादीस बी धरले तर राळ कमी होते, म्हणून गांजाच्या शेतातून नर झाडे वेळीच उपटून टाकावी लागतात. बंगालमधील नौगाव भागात हे नर ओळखण्याकरिता 'पोद्दार' नावाचा तज्ज्ञ मजुरी देऊन बोलावीत. एक नर चुकून राहिला तरी साऱ्या पिकाची किंमत उतरत असे! मध्यप्रांतातील खांडवा येथील गांजाही तितकाच प्रसिद्ध होता.

या झाडाची आपल्या देशाशी ओळख जुनी. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोम ज्यांचा राजा आहे अशा वनस्पतींत 'भंग' हे नाव येते, मात्र ते याच झाडाचे की काय याविषयी विद्वानांत मतभेद आहे. शार्ङ्गधराने भांगेला अफूच्या जोडीस बसवून तिला 'व्यवायी' म्हटले. आधी सर्व देहात पसरते आणि मागाहून पचते, असे द्रव्य, हा त्या शब्दाचा अर्थ. हे निरीक्षण किती मार्मिक होते ते पुढे येईलच. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात भांगेवर एक संवाद आहे. गुजराथचा सुलतान बहादूरशहा याने आपल्या पोर्तुगीज स्नेह्यास सांगितले होते म्हणे की, रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्थान असे हिंडून यावेसे वाटले म्हणजे आपण थोडी भांग घेतो, की झाले. प्रवासखर्चाच्या दृष्टीने ही युक्ती स्वस्त खरी.

शास्त्रीय पद्धतीने या झाडाची परीक्षा प्रथम झाली ती कलकत्त्यास. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक डॉ. विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी पंडितांना व हकिमांना विचारून, मग जनावरांवर प्रयोग करून १८३९ साली आपला निबंध वाचला. कुत्री-मांजरे व मासे झिंगतात, पण गुराघोड्यांना विशेष काही होत नाही, असे त्यांना आढळले. नंतर त्यांनी रोग्यांना औषध दिले. संधिवाताच्या एका रोग्याचा हात उचलून ज्या स्थितीत ठेवावा त्या स्थितीत तसाच राहू लागला, तेव्हा डॉक्टरसाहेबही चकित झाले. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या एका माणसाचा जीव वाचला नाही, परंतु पाण्याच्या नुसत्या दर्शनाने होणारा त्याचा छळ कमी झाला. चाळीस दिवसांच्या एका अर्भकाला येणारे झटके अर्काच्या थेंबांनी आटोक्यात आले, हीही हकीकत त्यांनी नोंदविली आहे. ओशॉनेसी यांचे नाव आपल्याकडे आठवते ते या देशात तारायंत्र घालणारे म्हणून. गांजा विलायतेच्या औषधालयांत नेला तोही त्यांनीच, हे सहसा कोणास ठाऊक नसते.

आता वेडाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, असा बोभाटा विलायतेपर्यंत गेला. १८९३ साली पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि त्याच वर्षी सरकारने सात जणांचे एक कमिशन नेमले. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, आणि तीन सभासद या देशचे. त्यांनी ठिकठिकाणी फिरून १,१९३ साक्षी घेतल्या. परंतु त्यांचे सर्वांत मोलाचे काम आम्हास वाटते ते निराळेच. १८९२ साली इस्पितळांत दाखल झालेल्या ज्या २२२ रोग्यांच्या वेडाचे कारण गांजा-भांग म्हणून नमूद होते, त्यांतील एकेकाची त्यांनी मुळापासून चौकशी करविली. तेव्हा अवघ्या ९८ जणांच्या बाबतीत या पदार्थांचा काही संबंध वाजवीपणे म्हणता येईल असे ठरले, आणि केवळ हेच एक कारण असे ६१ निघाले.

मग उरलेल्यांच्या रकान्यात तो शब्द आला कोठून? उत्तर वाचून आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. वेडा मनुष्य बहुधा पोलिसांच्या मार्फत येई. त्याच्याबरोबरच्या कागदावर कारणाचा रकाना भरणे अवश्य असे. मनुष्य गांजा ओढीत होता एवढे कळले, किंवा नुसता तसा संशय आला, की शिपाई अगर कारकून तो शब्द लिहून मोकळा होई, आणि इस्पितळातील वह्यांत तोच उतरे. पुढे त्याच वह्यांच्या बेरजा वार्षिक अहवालात छापल्या जात, आणि त्या आकड्यांच्या आधारावर पार्लमेंटात प्रश्न विचारले जात! माफक सेवनाने मनास अपाय होत नाही, अतिरेकाने होऊ शकतो, आणि ज्याच्या मनात मुळातच दुर्बलता किंवा आनुवंशिक कल आहे त्यास विशेष भय, असे १८९४ च्या अहवालाचे तात्पर्य होते. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढील सत्तर वर्षे, गांजात नशा आणणारे द्रव्य नेमके कोणते, हेच कळले नव्हते. अफूतून मॉर्फीन केव्हाच वेगळे झाले होते, परंतु गांजाची राळ तेलकट व मिश्र असल्याने हाती लागेना. १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी यांनी ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचे नाव लांबलचक असल्याने सर्वत्र 'टीएचसी' म्हणतात. प्रयोगाकरिता लागणारे पाच किलो चरस मेशुलम यांनी पोलिसांकडून मिळविले आणि पिशवीत घालून चक्क सार्वजनिक मोटारीतून प्रयोगशाळेत नेले! नंतर त्यांनी काही मित्रांना केकमधून ते द्रव्य दिले. कोणी खिदळू लागला, कोणी बोलतच सुटला, आणि एकास भीतीने घेरले. द्रव्य तेच व मात्राही तीच, तरी प्रत्येकावर परिणाम वेगळा.

मग प्रश्न आला की, एका झाडाच्या राळेला मानवी मेंदूत जागा मिळतेच कशी? १९८८ साली अमेरिकेत मज्जापेशींवर टीएचसी बसण्याची खास ठिकाणे सापडली. कुलूप आहे त्याअर्थी घरचीही किल्ली असली पाहिजे, हे उघड होते. ती किल्ली १९९२ साली मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून मिळाली, आणि शोधकांनी तिचे नाव ठेवले 'आनंदामाइड', आपल्या संस्कृतातील 'आनंद' शब्दावरून.

तिचे काम समजण्यास आपल्या पंगतीचा दृष्टांत बरा. मज्जापेशींत एक पेशी संदेश 'वाढते' व दुसरी तो घेते. घेणारीस पुरेसे झाले म्हणजे ती आनंदामाइड किंवा त्याच्यासारखे दुसरे द्रव्य सोडते, आणि ते उलट दिशेने वाढणारीकडे जाऊन तिला थांबविते. पानावर हात आडवा धरून 'पुरे' म्हणावे, तसे. हा हात एकाच पानावर आणि क्षणमात्र असतो. गांजाचा धूर मेंदूत शिरला म्हणजे मात्र कोणी आगंतुक दारात उभा राहून साऱ्या पंगतीला उद्देशून 'पुरे, पुरे' असे दोन-तीन तास ओरडत राहावा, तसा प्रकार होतो. ज्याला भूक आहे त्याचेही पान रिकामे राहते.

ही ठिकाणे मेंदूत कोठे दाट आहेत, हे पाहिले की गांजेकसाचे सारे वर्तन उलगडते. स्मृतीच्या भागात ती पुष्कळ आहेत, म्हणून वाक्याच्या शेवटास पोहोचेपर्यंत त्याला आरंभाचा विसर पडतो. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत आहेत, म्हणून पाऊल अडखळते. भूक जागविणाऱ्या भागात आहेत, म्हणून भांग घेतलेला मनुष्य मिठाईचे ताटच्या ताट फस्त करतो. भीतीच्या केंद्रातही ती आहेत, आणि तेथे थोड्या मात्रेने मन निवांत होते व अधिक मात्रेने घाबरे होते. श्वास चालविणाऱ्या भागात मात्र ती फारच थोडी, आणि म्हणूनच अफूने जसा श्वास थांबून माणूस दगावतो तसा गांजाने सहसा दगावत नाही. या एका गोष्टीवरून गांजा निरुपद्रवी आहे असे म्हणणारे लोक आम्हास भेटले आहेत. ज्या विषाने माणूस मरत नाही त्याने तो बिघडतही नाही, हा तर्क आमच्या गळी उतरत नाही.

धूर काही मिनिटांत चढतो, परंतु पोटात गेलेली भांग अर्धा तास ते दोन तास घेते, आणि यकृतात तिचे रूपांतर होऊन आणखी उग्र द्रव्य बनते. आमच्याच घरी एका रंगपंचमीस पुतण्याच्या सोळा वर्षांच्या मित्राने थंडाईचा एक पेला घेतला, काही होईना म्हणून दुसरा घेतला, आणि दोन्ही मिळून चढल्यावर आपण आता मरणार असे ओरडत तो रात्रभर वहिनींचा हात धरून बसला. सकाळी बरा झाला, पण वहिनींनी त्या वर्षापासून घोटा घरात येऊ दिला नाही. टीएचसी चरबीत मुरते, म्हणून रोज ओढणाराच्या अंगातून ते निघून जाण्यास कित्येक आठवडे लागतात. शार्ङ्गधराचा 'व्यवायी' येथे आठवतो.

आता मूळ प्रश्न. १९८७ साली स्वीडनमधील एक मोठे अवलोकन प्रसिद्ध झाले. लष्करी भरतीच्या वेळी तपासलेल्या ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला असता, भरतीपूर्वी पन्नासाहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनिया हा मनोविकार इतरांच्या सहापट आढळला. सहापट हा शब्द भयंकर वाटतो, तथापि हा विकार मुळात शंभरांत एखाद्यासच होतो. म्हणजे गांजा ओढणारे बहुसंख्य लोक वेडे होत नाहीत. शिवाय विकाराची चाहूल लागल्यावरच माणूस बेचैनीवर उतारा म्हणून गांजाकडे वळतो, असेही घडते. परंतु एवढी सूट देऊनही संबंध उरतोच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोप व ब्राझीलमधील पाहणीत उग्र गांजा रोज घेणारांत तीव्र मनोविकाराचे प्रमाण कधीच न घेणारांच्या जवळजवळ पाचपट दिसले. उग्र हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकेत पकडलेल्या मालात टीएचसीचे प्रमाण १९९५ साली सरासरी शेकडा ४ होते, ते २०१४ साली १२ च्या आसपास गेले. आजोबांच्या काळचा अनुभव आजच्या मालास लावण्यात म्हणूनच धोका आहे.

त्याहून महत्त्वाचे वय. मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, आणि त्या घडणीत आनंदामाइडचा तो हळूच 'पुरे' म्हणणारा हात कामाचा असतो. ओढणाऱ्यांत व्यसन लागण्याचे प्रमाण एकंदरीत शेकडा ९ च्या सुमारास धरतात, परंतु किशोरवयात आरंभ करणाऱ्यांत ते सहांत एक होते. आपल्या देशात २०१९ च्या सरकारी पाहणीप्रमाणे सुमारे ३ कोटी १० लक्ष लोक या झाडाचे कोणते ना कोणते रूप सेवन करतात. भांग घेणारे अधिक, गांजा-चरस ओढणारे कमी, पण व्यसनाच्या अधीन झालेले दुसऱ्या वर्गातच जास्त. १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस यांना बंदी घातली आणि पानास वगळले, ते या भेदाला धरूनच झाले. आपल्या महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याशिवाय भांगही निषिद्ध आहे, याची रंगपंचमीस कित्येकांना आठवण नसते. उलटपक्षी याच झाडातील नशा न आणणाऱ्या एका द्रव्यास २०१८ साली अमेरिकेत, लहान मुलांच्या हट्टी झटक्यांवर औषध म्हणून मान्यता मिळाली. कलकत्त्याच्या त्या अर्भकास एकशे एकोणऐंशी वर्षे होऊन गेली होती.

तो कागद घेऊन आम्ही आत्यांकडे गेलो. आत्या आता सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत, आणि भाऊकाका व त्या एकाच अंगणात वाढलेल्या. आम्ही विचारले, "आत्या, भाऊकाका मठात जाऊ लागले त्याच्या आधी कसे होते?" त्या पुष्कळ वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अरे, आदल्या वर्षापासूनच तो रात्री झोपत नसे. गच्चीवर एकटाच कोणाशी तरी बोलत बसे. माझ्या आजीच्या भावाचंही असंच झालं होतं, पण तो विषय घरात काढायचा नाही, असं होतं. चिलमीचं नाव सांगायला सोपं होतं."

म्हणजे रोगाने भाऊकाकांना मठात नेले, की मठाने रोगास वाढविले? दोन्हीही असेल. यंगसाहेबांच्या कमिशनने ज्यास आनुवंशिक कल म्हटले तो आमच्या रक्तात आहे, एवढे मात्र आम्हास त्या दिवशी प्रथम कळले. पुतण्या यंदा सतराव्या वर्षात आहे. पुढच्या रंगपंचमीस मित्रांबरोबर जाऊ का, असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही तो कागद त्याच्या हाती दिला आणि आत्यांनी सांगितलेले सर्व, गच्चीसुद्धा, त्यास सांगितले. त्याने कागद दोनदा वाचला आणि विचारले, "त्यांच्या मामांचं नाव काय होतं?" ते आम्हासही ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आत्यांकडे विचारावयास गेला.