‘लावून पाहण्या’चे शास्त्र



घरात शांपूची नवी बाटली आली, मैत्रिणीने नेलपॉलिशची नवी छटा आणली किंवा मावशीने लिपस्टिक भेट दिली, की पहिले वाक्य ठरलेले असते : “लावून तर पाहू!” आता हे ‘पाहू’ म्हणजे नेमके काय? शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही जे करता तेच. बाटलीवरचा दावा हे गृहीतक, बाटलीतला पदार्थ हे साहित्य, आरशात दिसते ते निरीक्षण आणि “छान आहे हं!” हा निष्कर्ष. सगळे काही असते. नसते ती फक्त तुलना. आणि तुलनेवाचून काढलेला निष्कर्ष म्हणजे बहुधा जाहिरातीचाच पुनरुच्चार असतो. (मुलांनो, हा विषय मुलींचा म्हणून पान उलटू नका. शांपू तुम्हीही वापरता, आणि केशरंगाचे पाकीट तुमच्या वडिलांच्या कपाटातही असू शकेल.)

नेलपॉलिशपासून सुरुवात करू, कारण हा प्रयोग सर्वांत सोपा. दहा बोटे म्हणजे दहा परीक्षानळ्याच!

सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज नावाचे बहुवारिक मिळवतात. इथिल अ‍ॅसिटेट आणि ब्युटिल अ‍ॅसिटेट या द्रावकांत ते विरघळवायचे, पापुद्रा चिवट राहावा म्हणून राळेसारखे काही पदार्थ घालायचे, रंगद्रव्य मिसळायचे, की नेहमीचे नेलपॉलिश तयार होते. नखावर लावल्यावर द्रावक उडून जातो आणि पापुद्रा मागे राहतो. द्रावकाच्या बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता बोटातून घेतली जाते, म्हणून लावताक्षणी नखाला गार वाटते. इथिल अ‍ॅसिटेटचा उत्कलनबिंदू ७७ अंश सेल्सिअस, तर ब्युटिल अ‍ॅसिटेटचा १२६. नुसता पहिला वापरला तर लेप इतक्या घाईने वाळेल, की ब्रशचे ओरखडे तसेच राहतील. नुसता दुसरा वापरला तर तुम्ही बोटे पसरून बसूनच राहाल. ‘लवकर वाळणारे’ म्हणून जे विकले जाते, त्यात अशा द्रावकांच्या प्रमाणाचा मोठा वाटा असतो.

येथे एक हिशेब पाहण्याजोगा आहे. वरचा थर वाळला, की खालच्या द्रावकाच्या रेणूंना पापुद्र्यातून वाट काढत वर यावे लागते. या क्रियेला विसरण म्हणतात, आणि विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर दुप्पट जाड केला तर वेळ दुप्पट नव्हे, सुमारे चौपट लागेल. उलट त्याच जाडीचे दोन अर्धे थर एकावर एक दिले, तर प्रत्येकाला पाव वेळ, म्हणजे एकूण वेळ निम्माच. प्रत्यक्षात दुसऱ्या थरातला द्रावक पहिल्या थरालाही थोडा भिजवतो, म्हणून निम्म्याहून काहीसा अधिक वेळ लागतो. तरीही सौदा फायद्याचाच! अनुभवी बायका पातळ हात देतात, त्यामागचे गणित हे असे आहे.

आता नवी बाटली तपासू. डाव्या हाताला जुने आणि उजव्या हाताला नवे लावले, तर ती खरी तुलना नव्हे. भांडी घासणे, लिहिणे, कुलूप उघडणे ही कामे बहुतेकींचा उजवा हातच अधिक करतो. त्यापेक्षा दोन्ही हातांवर एकाआड एक बोटाला जुने व नवे लावा. ब्रशचे हात मोजून सारखेच द्या, पंखा सर्वांना सारखा लागू द्या. दर मिनिटाला कापसाचा एक तंतू हलकेच टेकवा. तो चिकटेनासा होईल ती वेळ लिहा. पुढच्या आठवड्यात बोटांची अदलाबदल करून तोच प्रयोग पुन्हा करा. टवके कोणत्या बोटांचे उडाले, याचीही नोंद ठेवा. खिडक्या मात्र उघड्या हव्यात, आणि जवळपास शेगडी, समई, उदबत्ती काहीही पेटलेले नको. हे द्रावक झटकन पेट घेतात आणि नायट्रोसेल्युलोजही अत्यंत ज्वालाग्राही आहे.

लिपस्टिकचे प्रकरण थोडक्यात आटोपता येईल. मेण, एरंडेलासारखे तेल आणि रंगद्रव्य असा हा मामला आहे. मधमाश्यांचे मेण सुमारे ६३ अंशांना वितळते, तर ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंशांना. उन्हाळ्यात कांडीवर घामासारखे थेंब दिसतात, ते पाणी नव्हे. मेणाच्या जाळीतून बाहेर आलेले तेल होय. छटा निवडताना फसवतो तो प्रकाश. दुकानातल्या दिव्यात तांबडी तरंगलांबी कमी असेल, तर तांबडे रंगद्रव्य परावर्तित तरी काय करणार? म्हणून छटा दारापाशी उजेडात येऊन पाहावी, आणि पाहावी ती मनगटावर. दुकानातली नमुन्याची कांडी दहाजणींच्या ओठांना लागलेली असते, ती आपल्या ओठांना लावू नये. कांडी हिरवी किंवा नारिंगी, पण ओठ गुलाबी होतात, अशी एक ‘जादूची’ लिपस्टिक मिळते. तिच्यात बहुधा इओसिन वर्गातले रंजक असते. त्याचा रंग आम्लतेप्रमाणे बदलतो. लिटमसचाच हा भाऊबंद. प्रत्येकीच्या ‘स्वभावानुसार’ वेगळी छटा येते असे विक्रेता सांगेल, तेव्हा खुशाल हसावे.

केसांकडे वळलो, की दावे फार मोठे होतात. ‘केसांचे पोषण’, ‘चार आठवड्यांत केस दाट व जाड’! केस हा केराटिन या प्रथिनाचा तंतू आहे. त्यातल्या जिवंत पेशी फक्त त्वचेखाली, मुळाशी असतात. बाहेर दिसतो तो भाग निर्जीव आहे. निर्जीव वस्तूचे पोषण होत नाही. तिला लेप मात्र देता येतो, आणि कंडिशनर तेच करतो. केसावर कौलांसारखे एकावर एक सरकलेले खवले असतात, त्यांची मोकळी टोके केसाच्या टोकाकडे असतात. एक केस अंगठा व तर्जनी यांच्यात धरून लांबीच्या दिशेने बोटे मागेपुढे चोळा. केस आपोआप मुळाच्या दिशेने सरकू लागेल. पाण्यात भिजलेल्या केसावर सहसा ऋण विद्युत्भार असतो, आणि कंडिशनरमधले मुख्य रेणू धन विद्युत्भाराचे असतात. ते केसाला चिकटून राहतात, घर्षण कमी करतात, फणी सहज फिरते. हा परिणाम खरा आहे. त्याला ‘पोषण’ म्हणणे हे खरे नाही.

जाडीच्या दाव्याची तपासणी तर तुम्हालाच करता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली एक साधा लाल लेसर पॉइंटर घ्या. (त्याचा झोत कोणाच्याही डोळ्यांवर पडता कामा नये, आरसे व चकचकीत वस्तू दूर ठेवा.) फणीत आलेला एक केस पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणून चिकटवा आणि झोत नेमका त्यावर पाडा. अंधाऱ्या खोलीत दोन मीटर दूरच्या भिंतीवर प्रकाशाचे आडवे ठिपके व त्यांच्यामधल्या काळ्या जागा दिसतील. हे विवर्तन. एका बाजूच्या लागोपाठच्या काळ्या जागांमधले अंतर मोजा; तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणून या अंतराने भागले, की केसाची जाडी मिळते. समजा, तरंगलांबी ६५० नॅनोमीटर आहे आणि अशी पाच अंतरे मिळून ९.३ सेंटिमीटर भरली. म्हणजे एक अंतर १.८६ सेंटिमीटर. मग केसाची जाडी सुमारे ७० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सत्तरपट. माणसाच्या डोक्यावरचे केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतात, तेव्हा हे उत्तर पटण्याजोगे आहे.

पण एक केस मोजून थांबू नका. एकाच डोक्यावरचे वीस केस मोजा, आणि खरी गंमत पाहा. कोणी ५८, कोणी ७४, कोणी ८१ असे काहीतरी आकडे येतील. केस बरोबर गोल नसल्यामुळे तोच केस थोडा फिरवला तरी उत्तर बदलेल. आता आधीचा एक केस आणि नंतरचा एक केस मोजून ‘जाडी वाढली’ असे म्हणण्याला काही अर्थ उरतो काय? फरक दाखवायचा तर तो या नैसर्गिक विखुरणीपेक्षा ठळक हवा, किंवा पुष्कळ केसांच्या सरासरीत तरी टिकून दिसायला हवा. कंडिशनरचा लेप सामान्यतः एका मायक्रोमीटरच्याही आतला असतो. भिंतीवर मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली, तरी त्याहून मोठी गफलत होणे शक्य आहे.

आणखी एक साधा हिशेब आहे, त्याला लेसरही नको. डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पंधरा सेंटिमीटर लांब केसाचे टोक सव्वा वर्षापूर्वी त्वचेबाहेर आलेले आहे. मुळाशी काही बदल घडलाच, तर चार आठवड्यांत तो तळच्या एका सेंटिमीटरातच दिसेल. उरलेले चौदा सेंटिमीटर जसे होते तसेच राहतील. मग जाहिरातीतला संपूर्ण केशसंभार महिन्याभरात कसा काय पालटतो?

तरीही नवा शांपू पहिल्या दिवशी छान ‘वाटतो’ हे खरे. वास नवा असतो, आपण त्या दिवशी केस अधिक काळजीने धुतो, आणि हवा तर दररोजच वेगळी असते. हवेची गोष्ट क्षुल्लक समजू नका. जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये मानवी केस वापरून केलेल्या आर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत आणल्यास केस सुमारे दोन ते अडीच टक्के लांबतो. त्या हालचालीवर काटा फिरवायचा, हे त्याचे तत्त्व. आता विचार करा. मे महिन्यात नागपूरला जुना शांपू वापरला आणि जुलैत रत्नागिरीला नवा, तर केसांतला फरक बाटलीचा की ढगांचा?

यावर तोड सोपी आहे, आणि प्रसाधने तयार करणाऱ्या प्रयोगशाळाही ती वापरतात. मधोमध भांग पाडा; अर्धे डोके जुन्या शांपूने धुवा, अर्धे नव्याने. हवा, पाणी, डोके, दिवस सर्व सारखे राहिले; बदलली ती एकच गोष्ट. त्याहून चांगले म्हणजे दोन्ही शांपू सारख्या दिसणाऱ्या डब्यांत ओतून त्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ लिहायचे काम बहिणीकडे द्या, आणि तिने गुपित राखावे. फणी कोणत्या बाजूला अडकते, हे धुणाऱ्याने व तपासणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीने वेगवेगळे लिहावे. चिठ्ठी मग उघडावी. फेसाला मात्र गुण देऊ नका. तेलकट केसांवर फेस कमी येतो, कारण तेल फेस मोडते. स्वच्छतेचे ते माप नव्हे. रिठ्यालाही फेस येतो आणि शिकेकाईला त्यामानाने कमी, म्हणून आजीचे केस मळके राहत होते असे कोणी म्हणणार नाही.

आतापर्यंतच्या प्रयोगांत हरलो तरी नुकसान पैशांचेच. केशरंगाचे तसे नाही.

१९३३ साली अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या व भुवया रंगवण्याचा रंग विकला जात होता. त्यात पॅराफिनिलीनडायअमीन वर्गातले रंगद्रव्य होते. तो लावून पाहणाऱ्या काही स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, काहींची दृष्टी गेली, एकीचा तर मृत्यू झाला. तरीही माल जप्त करता येईना, कारण तिथल्या १९०६ च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नव्हता. तो १९३८ च्या नव्या कायद्याने झाला. आपल्याकडेही अशा केशरंगाच्या वेष्टनावर सूचना छापावी लागते : आधी त्वचेवर चाचणी घ्या, पापण्या व भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. बारीक अक्षरांतली ती ओळ घरात कोणी वाचली आहे का, ते विचारून पाहा.

चाचणी अशी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला छोटी जागा स्वच्छ करायची, सूचनेप्रमाणे तयार केलेला रंग तिथे थोडासा लावायचा आणि चोवीस तास तसाच ठेवून मग धुवायचा. प्रतिक्रिया यायला कधी दोन-तीन दिवसही लागतात, म्हणून धुतल्यावरही त्या जागेवर नजर ठेवावी. खाज, लाली, पुरळ यांपैकी काहीही दिसले तर तो रंग वापरायचाच नाही.

आणि ही चाचणी प्रत्येक वेळी करायची असते. “मागच्या वेळी काही झाले नव्हते” हा युक्तिवाद येथे चालत नाही. पहिल्या काही संपर्कांत शरीराची संरक्षक यंत्रणा त्या रेणूची ओळख करून घेते, बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या कुठल्या तरी वेळी ती त्याच्यावर तुटून पडते. एकदा निर्माण झालेली ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. जत्रेत किंवा लग्नघरी तासाभरात काळीभोर रंगणारी ‘काळी मेंदी’ मिळते, तिच्यात पुष्कळदा हेच रसायन मिसळलेले असते. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी ते तपकिरी येतो आणि चढायला कित्येक तास लागतात. आठव्या-नववीत असताना हातावर काळी मेंदी काढून घेणाऱ्या मुलीला त्या रसायनाची अ‍ॅलर्जी तेव्हाच जडू शकते, आणि तिचा तडाखा पुष्कळ वर्षांनी, पहिला पांढरा केस रंगवताना, बसू शकतो.