बाई, मायनर कोणता घेऊ?

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. मी अंगणात कंदील उतरवत होते, तर बेड्यातून एक मुलगी आत आली. तिसरीत माझ्या वर्गात होती ती. आता बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला. हातात कॉलेजचा फॉर्म.

"बाई, दुसऱ्या सत्रापासून मायनर घ्यायचाय. कोणता घेऊ?"

मला हसूच आलं. तिसरीत असताना याच बयेनं मायनर या शब्दावरून रडारड केली होती. बँकेत खातं काढलं तेव्हा पासबुकावर 'मायनर' असं लिहून आलं. कुणीतरी तिला त्याचा अर्थ सांगितला 'लहान', आणि ही म्हणे, "मी काय लहान आहे?" तो मायनर म्हणजे अठरा वर्षांच्या आतला. हा मायनर निराळा. पण 'लहान' हा अर्थ डोक्यातून जात नाही बघा! "छोटाच विषय ना, मग सोपा बघून टाकू," असं तिच्या मैत्रिणींनी ठरवलं होतं. सगळ्यांनी मिळून एकच घ्यायचा, नोट्स एकीनं काढायच्या.

म्हटलं, बस आधी. आणि पेन्सिल घे.

मुलांनो, तुमच्यातले जे आता नववी-दहावीत आहेत, त्यांच्यासमोरही हा फॉर्म येणारच आहे. म्हणून तुम्हीही आमच्याबरोबर हिशेब करा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्र शासनानं २० एप्रिल २०२३ रोजी पदवीच्या अभ्यासाचा आराखडा काढला. त्यात एक मुख्य विषय, म्हणजे मेजर, आणि त्याच्या जोडीला मायनर. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक मिळवायचे. कॉलेजात त्यांना सगळे क्रेडिटच म्हणतात. त्यातले १८ ते २० मायनरचे. आणि एक श्रेयांक म्हणजे वर्गातले पंधरा तास. प्रात्यक्षिक असेल तर तीस.

करा गुणाकार. अठरा पंधरे दोनशे सत्तर. वीस पंधरे तीनशे.

तीनशे तास! "एवढे?" म्हणून ती पेन्सिल चावायला लागली. आता सांगा, याला छोटा विषय म्हणायचं?

(यूजीसीनं डिसेंबर २०२२ मध्ये सगळ्या देशासाठी जी चौकट दिली, तिच्यात तीन वर्षांच्या मायनरला २४ श्रेयांक आहेत. तेव्हा परराज्यातला मावसभाऊ वेगळा आकडा सांगायला लागला, तर त्याच्याशी भांडू नका.)

फॉर्मवर आणखी एक रकाना होता, ओपन इलेक्टिव्ह. इथे पुष्कळ मुलं गडबडतात. ओपन इलेक्टिव्ह हा आपल्या शाखेच्या बाहेरचाच घ्यावा लागतो. कॉमर्सवाल्यानं कलेचा किंवा विज्ञानाचा. मायनरला तशी सक्ती नाही. तो आपल्याच शाखेतला दुसरा विषय असू शकतो, नाहीतर पार दुसऱ्या शाखेतला. ओपन इलेक्टिव्हमध्ये थोडं इकडचं, थोडं तिकडचं चालतं. मायनरचे श्रेयांक मात्र एकाच विषयाचे, पायरी पायरीनं आणि पहिल्या तीन वर्षांतच जमवायचे असतात. अर्थात कॉलेजच्या यादीत जे असेल तेच मिळणार. आपल्या रत्नागिरीत १९४५ साली निघालेलं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय बघा. कला आणि विज्ञान गोगट्यांच्या नावाचं, वाणिज्य जोगळेकरांच्या नावाचं, आणि आवार एकच. अशा ठिकाणी शेजारच्या शाखेत जाणं म्हणजे जिना चढून जाणं. नुसतं कॉमर्सचं कॉलेज असेल तर यादी आखूड.

आमच्या डी. एड.ला ही भानगड नव्हती. मराठीपासून कार्यानुभवापर्यंत सगळेच विषय मेजर! निवडायचा वाव नाही म्हणजे निवड चुकायची भीतीही नाही. तिची मात्र झोप उडाली होती. कारण घरी बाबांचं म्हणणं, "हिशेबाच्या जवळचं काहीतरी घे." त्यांची आंब्याची कलमं आहेत. वाशीहून दलालाची पट्टी आली की ती वाचायला आता हीच. पेट्या किती गेल्या, भाव काय लागला, हमाली किती, भाडं किती. आणि हिला स्वतःला काय हवं होतं?

"भूगोल," ती म्हणाली. एवढ्या हळू, की जणू चोरीच केली!

मला तिचा तिसरीतला नकाशा आठवला. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात जिल्ह्याचा नकाशा असतो ना, तो तिनं चार्टपेपरवर काढला होता. वर मंडणगड, खाली राजापूर, नऊच्या नऊ तालुके. बाणकोटची खाडी निळ्या खडूनं इतकी रंगवली, की मंडणगड भिजला असता.

त्या मंडणगड तालुक्यातच आंबडवे गाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण तिथे ते तेवढ्यावर थांबले नाहीत. विद्यापीठाच्या दप्तरात त्यांच्या तीन वर्षांची नोंद आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मनची सुरुवात. १९१५ साली एम. ए.साठी त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन भारतातल्या व्यापारावर. म्हणजे एका हातात अर्थशास्त्र, दुसऱ्यात इतिहास.

पुढचं तर आणखी महत्त्वाचं. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. हिंदुस्थानात जाती निर्माण कशा झाल्या, टिकल्या कशा, याचा शोध होता तो. कुठे वाचला? अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे. प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात! २९ अभ्यासक्रमांच्या विषयात नाही, ४ अभ्यासक्रमांच्या विषयात. ज्या प्रश्नाशी ते पुढे जन्मभर झुंजले, तो मांडायला त्यांना ही जोडविषयाची जागा मिळाली. आणि मुंबईला परतल्यावर १९१८ मध्ये ते शिकवायला लागले कुठे? सिडनहॅम कॉलेजात. कॉमर्सच्याच मुलांना.

हे ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "बाई, पण भूगोलाचं आणि आंब्याच्या हिशेबाचं काय नातं, असं बाबा विचारतील."

म्हटलं, पेटीवरचा शिक्का दाखव त्यांना. २०१८ साली हापूसला मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच हापूस म्हणायचं. त्या मानांकनाचं नाव काय? भौगोलिक मानांकन! कातळावरची माती, खारा वारा, पाऊस, हे सगळं त्या नावामागे आहे, आणि बाजारात भाव मिळतो तो त्या नावाला. दुसरीकडचा आंबा हापूस म्हणून विकला जातो तेव्हा तोटा कुणाच्या पट्टीवर दिसतो, हे बाबांना विचार.

मी तिला भूगोलच घे असं सांगितलं नाही हं. संख्याशास्त्र आवडणाऱ्यानं तेही घ्यावं, एखाद्याला हिंदी घ्यावीशी वाटेल. माझं एवढंच म्हणणं की तीनशे तास बसायचंय, तर मैत्रिणीच्या नोट्ससाठी बसू नये. आणि फॉर्मवर सही करण्याआधी तीन गोष्टी ऑफिसात विचारून याव्यात. यादीत विषय आहे का, जागा आहेत का, आणि तास कधी आहेत.

दुसऱ्या दिवशी ती परत आली, चेहरा उतरलेला. यादीत भूगोल होता, जागाही होत्या. पण तास एक वाजता, आणि त्यांच्या वाडीकडे जाणारी एसटी पाऊण वाजता. नंतरची थेट चारला. मैत्रिणींचा विषय सकाळी, सगळ्या पाऊणच्या गाडीनं घरी जाणार.

मग आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. बाबा कलमांना फवारणी करून नुकतेच परत आले होते. मी काही बोलले नाही, तीच बोलली. दोनशे सत्तर तासांपासून भौगोलिक मानांकनापर्यंत. बाबासाहेबांचे चार अभ्यासक्रमही सांगितले. बाबांनी फॉर्म हातात घेतला, उलटसुलट बघितला.

"चारच्या गाडीनं येशील, म्हणजे घरी पोचायला पाच," ते म्हणाले. "आता मोहोर आहे, तोवर ठीक. पण एप्रिलात पेट्या भरायला माणूस लागतो. तेव्हा कसं?"

"एप्रिलात परीक्षा असते, बाबा. तास नसतात."

"मग परीक्षेचा अभ्यास कधी करशील?"

"रात्री. पट्टी लिहून झाली की."

ते जरा वेळ मोहोराकडे बघत राहिले. मग तिच्या आईला चहा टाकायला सांगून त्यांनी खिशातलं पेन काढून तिच्याकडे दिलं. पेन्सिलीनं लिहिलेल्या 'भूगोल' या शब्दावर तिनं शाईनं गिरवलं.