परतीची वाट

आकुर्डीच्या कारखान्यातून १९६९ पासून बाहेर पडू लागलेली मेटॅडोर ही गाडी लग्नाचे वऱ्हाड, शाळेची मुले, भाजीची पोती आणि प्रसंगी रुग्णाची खाट वाहून नेता नेता महाराष्ट्राच्या लोकव्यवहारात इतकी मुरली, की तिच्या आकाराच्या कोणत्याही व्हॅनला, मग ती कोणाचीही असो, लोक मेटॅडोरच म्हणू लागले. तिचे मूळ जर्मन. ‘टेम्पो’ हा छाप हॅम्बुर्गच्या परिसरातील विडाल कंपनीचा. तिच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो उभी केली, आणि त्या कारखान्याच्या तीनचाकी गाडीबरोबर मराठीत आलेला तो शब्द पुढे सामान्यनाम होऊनच राहिला. या गाडीच्या एंजिनाची थोरवी सांगणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते तिच्या अंगातून, पत्र्याआडून आणि पायाखालून गेलेल्या वायरिंगविषयी, ज्याची आठवण दिवा गेल्यावाचून कोणाला होत नाही.

मेटॅडोरच्या डिझेल एंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेट घेते, आणि इंधनाचा पंप यांत्रिक असला तर एकदा सुरू झालेले एंजिन बॅटरी पार उतरली तरी चालत राहते. पेट्रोलच्या गाडीत विजेचा बिघाड मालकाला तिथल्या तिथे थांबवतो. डिझेलची गाडी तो सोसून घेते, आणि या सोशिकपणामुळेच तिच्या विद्युत्-व्यवस्थेची वर्षानुवर्षे हेळसांड होते. सेल्फ लागला नाही तर चार माणसे धक्का मारतात. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी कोणी तांब्याची तार अडकवतो, हॉर्न वाजेना म्हणून कोणी बॅटरीपासून ‘डायरेक्ट’ वायर ओढतो, आणि लाल वायर संपली म्हणून पुढचा तुकडा हिरव्या वायरचा जोडून वर काळी टेप गुंडाळतो. यांपैकी कशाचीही कोठे नोंद होत नाही. तीस वर्षांच्या गाडीचे वायरिंग म्हणजे दप्तर जळालेल्या गावची जमीन: वहिवाट आहे, हद्दी आहेत, पण सातबारा नाही.

अशीच एक मेटॅडोर घेऊन मी ऐन आषाढात पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या दुकानांच्या त्या गजबजाटात, एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे गेलो. फिर्याद विचित्र होती. मागचा डावा लाल दिवा एरवी नीट जळे. पण दिवे लावलेले असताना ब्रेक दाबला की तो भडकण्याऐवजी जवळजवळ विझे, आणि डावीकडचे पुढचे-मागचे दोन्ही इंडिकेटर, कोणी बटणाला हात लावला नसताना, मंद तांबूस पेटत. बल्ब बदलून झाला होता, होल्डर बदलून झाला होता, आणि आता डॅशबोर्डाखालचे सगळे वायरिंग नवे टाकावे असा सल्ला मला मिळाला होता.

“काका, सगळे वायरिंग काढावे लागेल का हो?” मी विचारले.

“थांबा, घाई करू नका,” ते म्हणाले. “करंट येतो की नाही ते सगळेच बघतात. तो परत कुठून जातो ते आधी बघू.”

या एका वाक्यात वायरिंग दुरुस्तीच्या विद्येचे मर्म आहे असे मी मानतो. गाडीत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. म्हणजे दिव्याकडे प्रवाह नेण्यासाठी वायर असते, पण तो परत येण्यासाठी गाडीचा पत्रा हीच वाट. मागच्या दिव्यात ५ वॅटची बारीक तार रात्रीच्या लाल उजेडासाठी, २१ वॅटची जाड तार ब्रेकसाठी, आणि शेजारी २१ वॅटचा इंडिकेटर, असे तिघे एकाच अर्थिंगवर अवलंबून असतात. ते अर्थिंग तुटले, तरी प्रवाह मुकाट्याने थांबत नाही. तो दुसरी वाट शोधतो. नुसता लाल दिवा लावला असता तो ब्रेकच्या जाड तारेतून उलटा शिरून उजवीकडच्या ब्रेकच्या दिव्यातून पत्र्याला पोहोचतो, आणि जाड तारेचा अडथळा अल्प असल्यामुळे दिवा जवळजवळ पूर्ण तेजाने जळतो. ब्रेक दाबताच मात्र त्या वाटेच्या दोन्ही टोकांना बारा व्होल्ट येतात, वाट बंद होते, आणि कोंडलेला प्रवाह इंडिकेटरच्या तारेतून पुढच्या इंडिकेटरपर्यंत जाऊन तेथे उतरतो. जे भुताटकीसारखे दिसत होते ते सारे नियमानेच चालले होते.

मिस्त्रींनी मीटरची एक पिन होल्डरच्या धातूला व दुसरी थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि मला ब्रेक दाबायला सांगितले. जेथे एकदशांश व्होल्टही दिसायला नको, तेथे काटा सात-आठ व्होल्टांवर गेला. आधीच्या कारागिराने अर्थिंग तपासले नव्हते असे नाही. पण त्याने ते भार नसताना, शिटी वाजणाऱ्या मीटरने तपासले होते, आणि थंड दिव्यांच्या तारांतून फिरून आलेल्या वाटेलाच मीटरने खरी वाट समजून शिटी दिली होती. म्हणून जबानी घ्यायची ती काम चालू असताना. विसावलेली वायर खरे सांगत नाही.

दिव्यामागचा स्क्रू काढला तेव्हा त्याखालचे, वायरच्या टोकाचे थिंबल पांढुरक्या-हिरव्या भुकटीने माखलेले होते आणि पत्र्यावर मागाहून मारलेला रंग थेट त्याच्याखाली गेला होता. मिस्त्रींनी पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, पत्रा चांदीसारखा उघडा केला, थिंबल नवे दाबून बसवले, दातेरी वॉशर घातला, स्क्रू आवळला आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. दहा मिनिटांचे काम.

त्यांनी पुढे सेल्फही पाहिला, कारण गाडी सकाळी आळसटल्यासारखी उठे. एंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते. त्याचा सांगाड्याशी विद्युत्-संबंध राखते ती एक विणलेली तांब्याची पट्टी. सेल्फ दोनशे अँपिअर ओढत असताना या पट्टीत एकशतांश ओहम एवढाच अडथळा आला तरी दोन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात, आणि बाराच्या बॅटरीत दोन ही लहान रक्कम नव्हे. पट्टी अगदीच तुटली तर हा सगळा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती हाताला चटका बसेल इतकी तापते. केबल का जळते म्हणून केबलच बदलत राहिलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या वाया गेलेल्या पैशांची मला आजही हळहळ वाटते. आमच्या पट्टीचे निम्मे धागे तुटलेले होते. रात्रीतून बॅटरी उतरण्याची तक्रारही होती. ऋण टोकाशी मीटर मालिकेत जोडून एकेक फ्यूज काढत गेल्यावर तिचा उगम आतल्या दिव्याच्या अडकलेल्या बटणात सापडला.

संध्याकाळ झाली होती. पैसे देऊन मी निघणार, तोच मिस्त्रींनी भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेचे एक पान फाडले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर गाडीचे वायरिंग काढायला बसले. कोणत्या रंगाची वायर कोठे बदलते, डायरेक्ट दिलेली वायर कोठून आली, तारेच्या जागी कोणता फ्यूज घातला, हे सगळे त्यांनी मांडले आणि अर्थिंगच्या पाचही जागा लाल पेन्सिलने दोनदा गिरवल्या. कागदाच्या कोपऱ्यात तारीख घातली, नाव मात्र घातले नाही. घडी करून तो त्यांनी डॅशबोर्डाच्या खणात, गाडीच्या कागदपत्रांच्या खाली सरकवला आणि म्हणाले, “पुढच्या मिस्त्रीला दाखवा.”