सांडपाण्याचा उपसा : तो चालतो कसा आणि आपण काय करावे



उपसा सिंचनाची जॅकवेल, मोटार आणि रायझिंग मेन आपणां सर्वांच्या ओळखीची. गावाच्या सांडपाण्याचा उपसाही त्याच रीतीने चालतो. फरक एवढाच, की आपली मोटार बंद पडली तर ऊस सुकतो. ही बंद पडली तर घाण नदीत जाते आणि खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात येते.

गटाराची नळी उताराने टाकतात. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटर राहिला तर गाळ तळाशी बसत नाही. पण उतार धरत गेले की नळी खोल खोल जाते. म्हणून सखल जागी विहीर बांधून पाणी गोळा करतात. तोंडाशी जाळी असते. पातळी वाढली की फ्लोट वर येतो, पंप सुरू होतो. पातळी उतरली की बंद. सहसा दोन पंप आलटून पालटून चालवतात. पाणी उलटे फिरू नये म्हणून एकतर्फी झडप बसवतात.

कोल्हापुरात जयंती नाल्याचे पाणी असेच अडवून उपसतात व कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे पाठवतात. उपसा थांबला की ते पंचगंगेत मिसळते.

आता आपले काम :

१) चिंध्या, सॅनिटरी पॅड, प्लॅस्टिक पिशव्या गटारात टाकू नका. त्या पंपाच्या पंख्याला गुंडाळतात आणि मोटार जळते.

२) खरकटे तेल ओतू नका. ते थिजून नळी चोंदते. शेण व पाचटही उकिरड्यावरच बरे.

३) पागोळीचे पाणी गटाराला जोडू नका. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २,३०० लिटर पाणी होते, म्हणजे वीसेक माणसांचे दिवसभराचे सांडपाणी! पंप एवढे कुठून ओढणार?

४) वीज गेली असेल तर धुणी-भांडी थोडी थांबवा.

५) चेंबर तुंबले तर ग्रामपंचायतीस वा नगरपालिकेस कळवा. कुणाही माणसाला आत उतरवू नका. आतल्या वायूला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की वासच कळेनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. संरक्षक साधनांविना गटार साफ करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. त्याला वाचवायला दुसरा उतरला, तर तोही जातो.

पंप सरकारी असला तरी नदी आपली आहे. एवढे घरोघरी सांगावे, ही विनंती.